चार ओळी सोडून ठेवा



या वेळी लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. मी प्रवचन करणारा माणूस नाही. इंदूरला नोकरी केली, निवृत्त झालो. देवासकडे आमची वडिलोपार्जित बारा बिघे जमीन आहे, ती माझे मोठे चुलतभाऊ करतात. घरात लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणतात. आज जे लिहितो आहे ती दादांची माफी आहे. समोर बसून ती मी केव्हाच मागितली. पण चूक या ग्रुपवर झाली होती, शंभर माणसांच्या देखत, म्हणून माफीही इथेच मागायला हवी. आणि त्या चुकीतून एक प्रश्न निघाला, तो माझ्या एकट्याचा नाही असं मला वाटतं.

गोष्ट हरभऱ्याची आहे. बडोद्याच्या आणि हैदराबादच्या पुष्कळ मंडळींना आता शेती राहिलेली नाही, म्हणून थोडं सांगतो. आमच्या माळव्यात पावसाळ्यात सोयाबीन आणि ते निघालं की चना. त्यातही टपोरा काबुली, ज्याला इकडे डॉलर चना म्हणतात, त्याला मंडीत भाव चांगला. पण त्याला एक रोग फार लागतो. इकडे त्याला उकठा म्हणतात, आपण मराठीत मर म्हणतो. बेळगावकडच्या मंडळींना शब्द ऐकताच कळेल. हिरवंगार रोप एके दिवशी मान टाकतं. पाणी आहे, खत आहे, तरी वाळतं. ते उपटून बुंध्यापासून मुळापर्यंत उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसते. फ्युझेरियम नावाची बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि रोपाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद करते. भोवती ओल असून रोप तहानेनं मरतं. ही बुरशी हरभरा न पेरताही त्याच जमिनीत सहा-सहा वर्षं दबा धरून बसू शकते. म्हणजे एकदा शेतात आली की पाहुणी नाही, घरचीच झाली.

तीन वर्षांपूर्वी मी एका कृषी मेळाव्यात जिवाणूंच्या पावडरीबद्दल ऐकलं आणि भारावून गेलो. जमिनीतच राहणारे, पण रोपाच्या बाजूचे असे हे जीव. पावडर बियाण्याला लावायची. बी रुजलं की जिवाणू त्याच्या मुळावर वस्ती करतात आणि बुरशीला जवळ येऊ देत नाहीत. मी दहा पाकिटं घेतली आणि आपल्यातल्या शेती करणाऱ्या सहा घरांना वाटली. त्या वर्षी सगळ्यांचाच चना चांगला आला. मी ग्रुपवर मोठा मेसेज टाकला. बघा, न दिसणारे मित्र कसे धावून येतात, सद्गुरूही असेच असतात, वगैरे. ऐंशी जणांनी हात जोडले. ग्वाल्हेरच्या काकांनी तर तो मेसेज छापून देवघरात लावला म्हणे.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा पाकिटं वाटली. या वेळी दादांच्या शेतात डिसेंबरात रोपं माना टाकू लागली. आधी एक ठिगळ, मग दुसरं. संक्रांतीपर्यंत वरच्या पट्ट्यातला जवळजवळ निम्मा चना वाळला होता. दादांनी ग्रुपवर फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं, ‘पावडर लावली होती. आता काय करावं?’

मी घरी पंख्याखाली बसून उत्तर लिहिलं, ‘दादा, पावडर सगळ्यांनी तीच लावली. करताना मनात भाव हवा. किंतु असेल तर फळ मिळत नाही.’

त्या मेसेजलाही बऱ्याच जणांनी हात जोडले. दादा पुढे दोन महिने ग्रुपवर काही बोलले नाहीत.

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा ठेवला, वाटीत तिळगूळ दिला, आणि गोड बोला म्हणायच्या ऐवजी शांतपणे विचारलं, ‘भावजी, एक सांगा. आमची श्रद्धा मेली होती, की तुमचे ते जिवाणू मेले होते?’

मला उत्तर देता आलं नाही. कारण जिवाणू मेले असतील, ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती. दादांचा भाव मी तपासला होता, पाकीट तपासलं नव्हतं.

मग दादांबरोबर शेतावर गेलो. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत, पत्र्याखाली, एक उरलेलं पाकीट पडलं होतं. हातात घेऊन उलटं केलं. वापरायची शेवटची तारीख पेरणीच्या दोन महिने आधीच उलटून गेली होती. ते मीच स्वस्तात मिळतंय म्हणून एकगठ्ठा आणलेलं. शिवाय ते महिनाभर तापलेल्या पत्र्याखाली होतं. दादांनी सांगितलं, बियाण्याला बुरशीनाशक आणि जिवाणूंची पावडर एकाच घमेल्यात कालवून लावली. ‘तू म्हणाला होतास लाव. कसं ते सांगितलं नव्हतंस.’ खरंच सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

घरी येऊन मी वाचायला लागलो. जे कळलं ते सोप्या भाषेत सांगतो, कारण पुढचा विचार त्यावरच उभा आहे.

लॉरेन्झ हिल्टनर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ होता. द्विदल पिकांच्या मुळांचा अभ्यास करताना त्याला दिसलं, की मुळाला चिकटलेली मातीची पातळ पट्टी ही बाकी मातीहून वेगळी असते. तिथं जीवांची दाट वस्ती असते. १९०४ साली त्यानं या पट्टीला वेगळं नाव दिलं आणि असं मांडलं, की झाड रोगाला किती तोंड देतं हे या वस्तीत कोण राहतं यावरही अवलंबून असतं. वस्ती का होते? तर रोप आपण तयार केलेल्या अन्नातला वाटा मुळांतून बाहेर सोडतं. साखर, आम्लं, असं बरंच काही. एका अर्थी रोप भोवतीच्यांना जेवू घालतं, आणि जेवायला येणाऱ्यांत मित्रही असतात, शत्रूही.

मित्रांमध्ये दोन जाती आहेत, त्यांची आपण गल्लत करतो. एक रायझोबियम. हे हरभऱ्याच्या मुळावर गाठी करतात आणि हवेतला नत्र रोपाला देतात. ते अन्नदाते. दुसरे राखण करणारे. त्यांत स्युडोमोनास आणि बॅसिलस ही नावं आपल्या दुकानांत दिसतात. राखण करणाऱ्यांच्या रीती बघितल्या की थक्क व्हायला होतं. एक तर ते आधी येऊन जागा आणि अन्न धरतात. दुसरं, बुरशीला वाढायला लोह लागतं. स्युडोमोनास असा एक पदार्थ सोडतो की तो मातीतलं लोह घट्ट पकडतो आणि ते बुरशीच्या हाती लागत नाही. हाच पदार्थ विशिष्ट प्रकाशात पिवळा-हिरवा चमकतो, म्हणून त्या जिवाणूच्या नावातच फ्लुरोसेन्स आहे. तिसरं, काही जिवाणू बुरशीला मारक असं रसायन स्वतः तयार करतात. आणि चौथं, त्यांचा मुळाला नुसता सहवास झाला तरी रोप सावध होतं. पुढे रोग आला तर त्याची स्वतःची प्रतिकाराची शक्ती लवकर जागी होते.

पण हे सगळं कधी? जिवाणू जिवंत असतील तर. पाकिटात जे आहे ते मीठ किंवा हळद नव्हे, प्राणी समजा. सरकारी नियमाप्रमाणे स्युडोमोनासच्या पावडरीत एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू लागतात. बॅसिलस कठीण काळात स्वतःभोवती कवच करून झोपून जातो, त्यामुळे तो उन्हातान्हात जरा टिकतो. स्युडोमोनासला ते कवच करता येत नाही. पत्र्याखाली तापला, मुदत संपली, की तो मेला. पावडर तशीच दिसते. रंग तोच, वास तोच, पाकिटावरचं चित्र तेच. आणि रासायनिक बुरशीनाशकात एकत्र कालवलं तर उरलासुरलाही मरू शकतो. औषध लावायचंच तर ते आधी आणि वेगळं, जिवाणू सगळ्यात शेवटी.

आणखी एक. दादांनी सोयाबीन निघाल्या निघाल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला चना पेरला होता. तेव्हा जमीन अजून गरम असते, आणि गरम जमीन या बुरशीला मानवते. आणि वाण डॉलर चन्याचं, जे मुळातच मर रोगाला नाजूक.

म्हणजे कारणं निदान चार होती. मुदत संपलेलं पाकीट, एकत्र कालवण, लवकर पेरणी आणि नाजूक वाण. यातली दोन पाकिटाच्या किंवा वापराच्या बाजूची. दादांचा भाव या यादीत कुठेच नाही.

इथवर माझी चूक झाली. आता प्रश्न.

मी विचार करत बसलो की ताजं पाकीट असतं तर दादांचा चना वाचला असता का? आणि माझ्या लक्षात आलं की हे मला सांगताच येणार नाही. कारण सगळं शेत एकसारखं पेरलं होतं. पावडर न लावलेला एक वाफासुद्धा नव्हता. मग आणखी पुढचं लक्षात आलं आणि ते जास्त झोंबलं. आधीच्या वर्षी सगळ्यांचा चना चांगला आला, तो पावडरीमुळे आला हेही मला माहीत नव्हतं! त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. ज्यांनी पावडर लावली नव्हती अशा शेजाऱ्यांचाही चना चांगलाच होता. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. यश आलं तेव्हा मी न तपासता श्रेय वाटलं, आणि अपयश आलं तेव्हा न तपासता दोष वाटला. दोन्ही वेळा माझ्याकडे काहीच नव्हतं, फक्त बोलण्याची ऐट होती.

हैदराबादच्या मंडळींना पाटणचेरूची मोठी शेतकी संस्था माहीत असेल, इक्रिसॅट. १९७२ सालापासूनची. तिथं हरभऱ्याचं काम चालतं. त्यांच्याकडे एक शेत असं आहे की ज्यात मर रोगाची बुरशी मुद्दाम जोपासली जाते. आपण रोग घालवायला धडपडतो, ते तो सांभाळतात. का? तर नवीन वाण रोगाला टिकतं की नाही हे निरोगी जमिनीत कळत नाही, म्हणून. आणि त्यात मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते हे, की परीक्षेच्या वाणांच्या दर काही ओळींनंतर ते एक ओळ जेजी ६२ नावाच्या वाणाची पेरतात. हे वाण मर रोगाला हमखास बळी पडतं, बरेचदा महिन्याभरातच. ती ओळ मरण्यासाठीच पेरलेली असते. ती मेली, तरच शेजारची हिरवी ओळ खरोखर टिकली असं मानायचं. ती जगली, तर शेजारच्या हिरव्या ओळीचं कौतुक करायचं नाही, कारण त्या वर्षी तिथं रोगच नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसलो. माझ्याकडे अशी ओळ नव्हती. मी दादांच्या श्रद्धेबद्दल जे बोललो ते जेजी ६२ न पेरता बोललो.

हे सगळं मी एका सत्संगानंतर बोललो, तेव्हा ग्वाल्हेरच्या काकांनी मला चांगलंच घेतलं. ते वयानं आणि साधनेनं मोठे, त्यांचं म्हणणं बाजूला सारता येत नाही. ते म्हणाले, ‘आज तू पावडरीच्या चार ओळी सोडशील. उद्या नामाची परीक्षा घेशील. चार दिवस नाम न घेता बघशील काय फरक पडतो ते. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, तर तो पुरा ठेवावा. अर्धा विश्वास म्हणजे अविश्वासच.’

या बोलण्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. माझी समजूत मांडतो, चुकत असेन तर सांगा.

न दिसणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. एक देवघरातली आणि एक शेतातली. नाम घेतलं की मनात काय होतं ते दुसऱ्याला मोजता येत नाही, आणि ते मोजण्यासाठी नाहीच. नामानं तुझा चना वाचेल असं आपल्याला कोणी कधी सांगितलेलं नाही. नामानं तू वाचशील, एवढंच सांगितलं आहे. तिथं चार ओळी सोडायचा प्रश्नच येत नाही.

जिवाणूही दिसत नाही. पण त्याचं काम शेतात आहे. तो आला की नाही, जगला की नाही, उपयोगी पडला की नाही, हे रोपांवर उमटतं आणि रोपं मोजता येतात. दिसत नाही म्हणून तो देवासारखा होत नाही. माझी चूक हीच झाली, की मी शेतातल्या अदृश्याला देवघरातल्या अदृश्याचे नियम लावले. आणि तसं केल्यावर त्याचा परिणाम काय होतो बघा. पाकीट कधीच खोटं ठरत नाही. दुकानदार कधीच चुकत नाही. सल्ला देणारा मी तर नाहीच नाही. चुकतो तो एकटा शेतात उभा असलेला माणूस. ज्याचं नुकसान झालं, दोषही त्याच्याच पदरात. श्रद्धेच्या नावावर याहून मोठा अन्याय कोणता करता येईल?

आणि परीक्षा म्हणजे अविश्वास, हे आपल्या घरांत कधी होतं? माझी आजी पेरणीआधी बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. चार-पाच दिवसांनी सोडून किती रुजले ते मोजायची. सत्तरच रुजले तर बी जास्त धरायची. तिच्याइतकी भाविक बाई मी बघितली नाही. पण धरणीमातेवर विश्वास आहे तर दाणे कशाला मोजतेस, असं तिला कोणी म्हटलं नाही. मडकंही आपण वाजवून घेतो. त्यानं कुंभाराचा अपमान होत नाही.

मी काकांना हे फोनवर सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, ‘दाण्यांचं खरं आहे. आमच्या घरीही करायचे.’ बाकीचं त्यांना अजून पटलेलं नाही. त्यांनी ते पटवून घ्यावंच असं माझं म्हणणं नाही.

पण एक गोष्ट उरते, आणि ती मला सगळ्यात अवघड वाटते. पावडर न लावता सोडलेल्या ओळी मेल्या तर? संस्थेच्या शेतात जेजी ६२ ची ओळ मरते, तिचा खर्च संस्था सोसते. दादांच्या शेतात मेलेली प्रत्येक ओळ म्हणजे दादांच्या घरातले पैसे. ज्याचं पोट त्या शेतावर आहे त्याला, तू खात्री करून घेण्यासाठी थोडं पीक मरू दे, असं सांगायचा मला काय अधिकार? विचार करून मी असं ठरवलं, की सल्ला देणारा मी, तर खात्री करण्याची किंमतही मीच द्यावी. गेल्या वर्षी दसऱ्याला दादांकडे गेलो आणि म्हटलं, चार ओळींचा जो काही चना जाईल त्याचे मंडीच्या भावानं पैसे मी देतो. दादा हसले. म्हणाले, ‘पैसे राहू दे. तू येऊन मोज. वाकून. तेवढं पुरे.’

तर गेल्या वर्षी आम्ही असं केलं. पाकीट ताजं घेतलं, तारीख दोघांनी वाचली, घरात माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवलं. ऑक्टोबरच्या शेवटी जमीन निवल्यावर पेरणी ठरवली. किलोला दहा ग्रॅम या मापानं पावडर घेतली. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करून त्यात कालवली, कारण गरम पाण्यात टाकली तर आपणच जिवाणू मारायचे. डॉलर चन्याची साल पातळ असते, म्हणून ताडपत्रीवर हलक्या हातानं चोळलं, सावलीत सुकवलं आणि त्याच दिवशी पेरलं. पावडर न लावलेलं बी मात्र सगळ्यात आधी पेरलं, कारण पेरणीयंत्राच्या पेटीला पावडर चिकटून राहते. ही युक्ती वहिनींची. पीठ चाळताना आधी कोणतं चाळायचं हे आम्हाला माहीत असतं, म्हणाल्या. दोन ओळी वरच्या अंगाला, दोन खालच्या. चारही ठिकाणी काठ्या रोवल्या.

मग दर रविवारी मी इंदूरहून जाऊन मोजायचो. वही घेऊन, वाकून. वाळलेलं प्रत्येक रोप उपटून चिरून बघायचो, कारण वाळलेलं सगळंच मर रोगाचं नसतं. खालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचतं, तिथं काही रोपांच्या बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे निघाले. तो वेगळाच रोग, बुंधा कुजण्याचा. तिथं पावडर लावलेल्या आणि न लावलेल्या ओळी सारख्याच गेल्या. वरच्या अंगाला मात्र फरक होता. न लावलेल्या दोन ओळींत काळी रेघ असलेली रोपं जास्त निघाली, शेजारच्या ओळींत कमी. कमी, पण निघालीच. म्हणजे उपयोग दिसला, चमत्कार दिसला नाही. आणि एका वर्षाच्या, एका शेतातल्या चार ओळींवरून छाती ठोकून काही सांगू नये, हेही मला आता कळतं. कुंडीत छान चालणारे हे जिवाणू शेतात कधी साथ देतात, कधी देत नाहीत. जाणकारही हे मान्य करतात. मर रोगावर पहिला भरवसा रोगाला टिकणाऱ्या वाणाचा, मग पिकाची फेरपालट, उन्हाळ्यातली खोल नांगरट, आणि त्यांच्या जोडीला जिवाणू. ते सोबती आहेत, त्यांना देव करू नका.

रब्बी संपल्यावर दादांनी ग्रुपवर स्वतः वहीच्या पानाचा फोटो टाकला. दोन महिन्यांच्या गप्प बसण्यानंतरही त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नव्हता. फोटोखाली लिहिलं, ‘वरच्या अंगाला फरक आहे. खालच्या अंगाला नाही. मोजणी भाऊंनी केली.’ बस. त्या मेसेजला फारसे हात जोडले गेले नाहीत. पण देवासच्या दोन आणि बेळगावकडच्या एका घरानं विचारलं, ओळी कशा सोडायच्या? मला वाटतं, माझ्या ऐंशी नमस्कारांच्या मेसेजपेक्षा हा मेसेज जास्त कामाचा होता.

आता पुन्हा दसरा तोंडावर आला आहे. पाकिटं घ्यायची वेळ आली आहे. माझी सर्वांना एवढीच विनंती आहे, आणि ती शेती नसणाऱ्यांनाही आहे, कारण ग्रुपवर काढे येतात, तेलं येतात, गुडघेदुखीचे उपाय येतात. काहीही चांगलं म्हणून पुढे पाठवताना तीन गोष्टी लिहाव्यात. एक, मी स्वतः वापरून बघितलं की नुसतं ऐकलं. दोन, न वापरलेल्याशी पडताळून बघितलं का. तीन, उपयोग झाला नाही तर कोणाला विचारायचं. आणि कोणी लिहिलं की मला उपयोग झाला नाही, तर पहिल्यांदा पाकिटाची तारीख विचारा. त्याच्या मनात किंतु होता का, हे विचारू नका. ते त्याचं आणि त्याच्या देवाचं आहे.

दादा, त्या दिवशी पंख्याखाली बसून मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. तुमच्या भावात काही उणं नव्हतं. पाकीट जुनं होतं आणि ते मी आणलं होतं.

यंदा चार ओळी मी सोडणार आहे. रविवारी येतो, वही घेऊन.

आपला,
इंदूरचा एक साधक